ओला-सुका कचरा: दंड लावावा की बक्षीस द्यावे?

तळमजला (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्याच्या एका उपनगरातील ८४ सदनिकांच्या सोसायटीचा मी गेली तीन वर्षे सचिव आहे. (ज्या सर्वसाधारण सभेला मी गेलो नव्हतो, त्याच सभेत हे पद मला बहाल करण्यात आले. सोसायटीत राहणाऱ्यांना यापुढे काही सांगायला नको.) या तीन वर्षांत कचरा वेगळा करण्याच्या बाबतीत आम्ही दंड आणि बक्षीस हे दोन्ही उपाय करून पाहिले. दोन्हींतून जे निघाले त्याने मी गोंधळलो आहे, म्हणून हा धागा.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवणे २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार प्रत्येक घराला बंधनकारक होते, आणि आमच्याकडे बहुतेक घरे तो वेगळा ठेवत नव्हती. पहिल्या वर्षी सभेत ठराव झाला की एकत्र कचरा सापडल्यास दर वेळी शंभर रुपये मेंटेनन्सच्या बिलात लावायचे. कचरा उचलणाऱ्या ताईंनी घराचा क्रमांक वहीत लिहायचा आणि महिनाअखेरीस मी ती वही बिलाशी जोडून पाहायची, अशी व्यवस्था होती. पहिल्या महिन्यात ३१ घरे वहीत आली, दुसऱ्या महिन्यात १९. मी खूश झालो. तिसऱ्या महिन्यापासून मात्र आकडा पुन्हा चढू लागला आणि सहाव्या महिन्यात तो ४३ झाला, म्हणजे सुरुवातीपेक्षाही जास्त.

असे का झाले ते मला चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी लिफ्टमध्ये समजावून सांगितले. "सचिवसाहेब, महिन्याचे चारपाचशे जे काय होतील ते बिलात लावून टाका, पण ही दोन डब्यांची भानगड आमच्याकडून होणार नाही." हेच गृहस्थ दंड लागू होण्यापूर्वी मला जिन्यात पाहिले की नजर चुकवत असत. पैसे भरायला लागल्यापासून ते माझ्याशी ताठ मानेने बोलू लागले, कारण आता त्यांच्याकडे पावती होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही दंड बाजूला ठेवून बक्षिसे सुरू केली. दर तीन महिन्यांनी पाच घरांना स्टीलचा झाकणाचा डबा, नोटीस बोर्डावर नावे आणि २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर नारळ, असा थाट होता. निवड चोख होती, पण दर वेळी तीच पाच-सहा घरे निघत, आणि ती घरे दंडाच्या आणि बक्षिसाच्या आधीपासूनच कचरा वेगळा करत होती. त्यांतल्या एका आजींनी तिसऱ्या वेळी डबा घ्यायला नकार दिला. "मी हे डब्यासाठी करते असे आता खालच्या बायका म्हणतात," असे त्या म्हणाल्या, आणि मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

तेव्हा जाणकारांना विचारतो: सार्वजनिक शिस्त लावायला नेमके काय उपयोगी पडते? केवळ तत्त्वाचे नको, अनुभवाचेही लिहावे.

चौकस

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ अर्थशास्त्रात चांगलेच प्रसिद्ध आहेत, फक्त ते इस्रायलच्या हैफा शहरात राहतात. गंमत सोडा, पण तुमच्या वहीत जे घडले ते तिथे मोजून पाहिलेले आहे. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या दोन अभ्यासकांनी हैफातील दहा पाळणाघरांत हा प्रयोग केला आणि २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत आणि शिक्षिकांना ताटकळत बसावे लागे. दहांपैकी सहा पाळणाघरांत, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाल्यास दहा शेकेल दंड सुरू करण्यात आला, आणि उरलेल्या चारांत काहीच बदलले नाही. दंड लागला तिथे उशिरा येणारे पालक कमी व्हायच्या ऐवजी वाढले आणि सुमारे दुपटीवर जाऊन स्थिरावले.

कारण उघड आहे. दंडाआधी उशीर म्हणजे दुसऱ्या माणसाला दिलेला त्रास होता आणि पालकांना त्याची लाज वाटत होती. दंड आला आणि उशीर ही विकत मिळणारी सेवा झाली, तीही स्वस्त. आपल्याकडे म्हणतात तसे, पावती फाडली की पाप फिटले. या प्रयोगातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे: काही आठवड्यांनी दंड रद्द केला, तरी उशिरा येणाऱ्यांचे प्रमाण खाली आले नाही. म्हणजे लाज एकदा पैशांत मोडली की पैसे परत घेऊन ती पुन्हा मिळत नाही. तुम्ही दुसऱ्या वर्षी दंड बाजूला ठेवलात तेव्हा चौथा मजला सुधारला का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

तळमजला

नाही सुधारला. उलट दंड बंद झाल्याचे पत्रक लावले त्या दिवशी त्यांनी मला विचारले की आता कचऱ्याचे पैसे वेगळे द्यायचे नाहीत ना.

रोखठोक

शंभर रुपये हा दंड नसून चहापाणी आहे. पाच हजार लावा, दोन महिने वसूल करा आणि मग हा धागा वर काढून काय झाले ते लिहा. आपल्या लोकांना दंडुक्याची भाषा कळते. परदेशात हीच माणसे चॉकलेटचा कागद तासभर खिशात घेऊन फिरतात आणि मुंबईच्या विमानतळाबाहेर आली की खिडकीतून फेकतात, ते दंडाच्या भीतीमुळेच. बाकी सगळे संशोधन निरर्थक आहे.

दुसरी बाजू

रोखठोक, पाच हजारांचा दंड महाराष्ट्रात लावून झालेला आहे. २३ जून २०१८ पासून प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये व तीन महिने कैद अशी तरतूद होती. पहिले काही आठवडे भाजीवाल्यांकडच्या पिशव्या खरोखर गायब झाल्या होत्या आणि घराघरांतून कापडी पिशव्या बाहेर आल्या होत्या. आज कोणत्याही मंडईत जाऊन पाहावे. दंडाची रक्कम तीच आहे, मात्र तो आपल्याला होईल असे कोणाला वाटत नाही.

शिक्षेचा धाक तिच्या आकारापेक्षा तिच्या खात्रीवर अवलंबून असतो, हे बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ सालीच मांडून ठेवले आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन की मोठा दंड ही खात्री कमी करतो. पाच हजारांची पावती फाडायला अधिकाऱ्याचा हात धजत नाही, आणि समोरच्यालाही पाचशे रुपयांत मिटवणे परवडते. दंड जितका मोठा, तितकी मधल्या मांडवलीला जागा जास्त. मुंबईत थुंकणाऱ्याला दोनशे रुपये दंड करायला नेमलेले क्लीन-अप मार्शल २००७ पासून कितीदा आले, तक्रारींमुळे कितीदा गेले आणि पुन्हा आले, ते मुंबईकरांनी पाहिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये महापालिकेने ती योजना पुन्हा एकदा बंद केली.

ई-चलानाने चिरीमिरीचा प्रश्न बराच सोडवला, कारण कॅमेऱ्याशी हुज्जत घालता येत नाही. पण तिथे दुसरीच सवय लागली. माझ्या ओळखीच्या किमान चार सुशिक्षित माणसांनी चलाने साठवून ठेवलेली आहेत, कारण लोकअदालतीत तडजोड होऊन रक्कम कमी होते हे त्यांना ठाऊक आहे. मालमत्ता कराचेही तेच. वेळेत भरणाऱ्याला पुण्यात पाच ते दहा टक्के सवलत मिळते आणि थकवणाऱ्याला दरमहा दोन टक्के शास्ती लागते, इथपर्यंत ठीक आहे. पण मधूनच एखादी अभय योजना येते आणि शास्ती माफ होते. मग वेळेवर भरणारा माणूस दहा टक्क्यांची सवलत घेऊनही स्वतःला मूर्ख समजतो. दंड माफ करण्याइतके वाईट बक्षीस दुसरे नाही, कारण ते चुकीच्या माणसाला मिळते.

खराटा

मी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. दंड आणि बक्षीस ही दोन्ही हत्यारे सरकारने माझ्या हाती दिली होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते. सरकारी योजनेत गावाला आधी पैसे देऊन मग काम मागायचे ही रीत होती. इथे उलटे होते: आधी गावाने स्वतःच्या बळावर स्वच्छ व्हायचे आणि मग स्पर्धेत उतरायचे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी जे पाहिले ते त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भावकीचे गट एकाच गटारात उभे राहून गाळ काढत होते, कारण शेजारचे गाव पुढे गेल्याची बातमी आली होती. बक्षिसाच्या रकमेपेक्षा शेजारच्या गावावर मात करण्याची ईर्ष्या मोठी होती. (ज्यांच्या नावाने हे बक्षीस होते ते गाडगेबाबा स्वतः गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांना त्यांचीच घाण ऐकवत. बक्षीस त्यांनी कधी कोणाला दिले नाही आणि कोणाकडून घेतलेही नाही.)

मग निर्मल ग्राम पुरस्कार आला. केंद्र सरकारची ही योजना २००३ मध्ये जाहीर झाली, आणि पुढे लोकसंख्येनुसार पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत रक्कम ग्रामपंचायतीला मिळू लागली. महाराष्ट्राने या पुरस्कारांची लयलूट केली आणि त्यात माझ्या तालुक्याचाही वाटा होता. एका गावात तपासणी समितीबरोबर मी होतो. अंगणे सारवलेली, प्रत्येक दारात रांगोळी, शाळेची मुले लेझीम घेऊन उभी. समितीतल्या एका बाईंनी ठरलेला रस्ता सोडून मागच्या आळीतल्या एका नव्या कोऱ्या शौचालयाची कडी काढली, तर आत छतापर्यंत गोवऱ्या रचलेल्या होत्या. घरमालक ओशाळून म्हणाला, "पावसाळ्यात दुसरीकडं भिजत्यात." त्या वर्षी त्या गावाला पुरस्कार मिळाला नाही, पुढच्या वर्षी मिळाला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा गोवऱ्या पुन्हा आपल्या जागी होत्या. पुरस्कार एकदाच मिळायचा. मिळाल्यावर गावाला जपण्यासारखे किंवा गमावण्यासारखे काही उरत नव्हते.

दंडाचेही सांगतो. गुड मॉर्निंग पथकात मी दोन हिवाळे काढले आहेत. पहाटे साडेचारला शिट्टी आणि बॅटरी घेऊन पांदीत उभे राहायचे, हागणदारीकडे निघालेल्या माणसाला आधी गुलाबाचे फूल द्यायचे आणि नाही ऐकले तर पोलीस कायद्याच्या कलम ११५ व ११७ खाली बाराशे रुपयांपर्यंत दंडाची कारवाई. फुलाने पुरुष ओशाळत, हे खरे आहे. पण एका म्हातारीने माझ्या हातातले फूल घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "साहेब, फूल कशाला? दोन हंडे पाणी द्या, म्हंजी घरीच बसते." तिच्या घरी शौचालय होते. पाणी दीड कोसावर होते. तिला मी काय दंड करणार होतो?

तळमजला, मला एवढेच दिसले आहे की बक्षीस एकदाच देऊन संपत असेल तर सवयही संपते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याला भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, जो ग्रामपंचायतीचा कर पूर्ण भरेल त्याचे दळण गिरणीत मोफत दळून देण्याची पद्धत सुरू झाली. ही युक्ती मला फार आवडली. नारळ वर्षातून एकदा मिळतो, दळण दर आठवड्याला लागते. कर थकला तर ते बंद होते, आणि तसे झाले की घरातली बाई घरधन्याला जाब विचारणार, हे सरपंचाला पक्के ठाऊक असणार. याला बक्षीस म्हणावे की दंड, ते तुम्हीच ठरवा.

डाउन फास्ट

खराटा यांचा प्रतिसाद वाचून आमच्या लोकलची आठवण झाली. मध्य रेल्वेने २०२५ मध्ये लकी यात्री योजना जाहीर केली, तीत तिकीट किंवा पास असलेल्या एका उपनगरी प्रवाशाला रोज दहा हजार आणि आठवड्याला एकाला पन्नास हजार रुपये देण्याचे ठरले होते. दंडाऐवजी बक्षिसाने तिकीट काढायला लावण्याची ही कल्पना जाहिरातीच्या जगात खूप गाजली. आमच्या डब्यात तिची चर्चा दोन दिवस टिकली. मध्य रेल्वेच्या लोकलने रोज चाळीस लाखांच्या आसपास लोक जातात. एवढ्यांतून आपला नंबर लागेल असे वाटणारा माणूस लॉटरीचे तिकीट काढील, ठाणे ते दादरचे नव्हे.

याउलट, पुलाच्या तोंडाशी टीसींची फळी उभी राहिली आहे अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली की त्या दिवशी तिकीट खिडकीची रांग जिन्यापर्यंत जाते. दंड तोच आहे, भाडे अधिक किमान अडीचशे रुपये. माणसाने टीसीचा काळा कोट डोळ्यांनी पाहिला एवढाच फरक. त्यामुळे 'दुसरी बाजू' यांच्याशी मी सहमत आहे.

मात्र एक वेगळ्याच जातीचा दंड सुचवतो. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी काही सिग्नलांवर आवाज मोजणारी यंत्रे बसवल्याची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. हॉर्नचा एकत्रित आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात होई. त्यात पैसे नाहीत आणि पावतीही नाही. ज्या वेळेसाठी हॉर्न वाजवला तीच वेळ जाते आणि तीही लगेच. त्यात निर्दोषांचीही वेळ जाते, हा अन्याय मला मान्य आहे, पण मागच्या रिक्षावाल्याला मी जन्मात पहिल्यांदा "अरे वाजवू नकोस रे" असे ओरडलो असतो.

पोथीनिष्ठ

दंडाची ही दरपत्रके नवी नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात रस्त्यावर केर टाकल्यास एक अष्टमांश पण (त्या काळचे नाणे), चिखल किंवा पाणी तुंबवल्यास पाव पण आणि हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट असा दंड सांगितला आहे. देवळाजवळ किंवा पाणवठ्यावर मलविसर्जन करणाऱ्याला त्याहून जास्त. मला त्यातले एक वाक्य नेहमी थांबवते: औषधामुळे, आजारामुळे किंवा भीतीमुळे तसे घडले असेल तर दंड करू नये. खराटा यांना पांदीत भेटलेल्या म्हातारीसाठी तिथे सूट ठेवलेली होती असे म्हणायला हरकत नसावी. दंड किती असावा याचा विचार सगळेच करतात, कोणाला नसावा हे लिहून ठेवणारा विरळा.

राईनकाठ

मी गेली अकरा वर्षे जर्मनीत आहे. रोखठोक यांनी परदेशातल्या दंडाच्या भीतीबद्दल लिहिले आहे, पण इथे रिकामी बाटली रस्त्यावर दिसत नाही ती दंडामुळे नव्हे. २००३ पासून इथे पाण्याच्या वा शीतपेयाच्या एकदा वापरायच्या बाटलीवर अनामत द्यावी लागते आणि ती आता २५ सेंट आहे. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या तोंडात सरकवली की ते ती फिरवून तपासते आणि शेवटी चिठ्ठी देते, ती वाणसामानाच्या बिलातून वळती होते. माझी सात वर्षांची मुलगी आठवड्याची पिशवी घेऊन यंत्रापुढे माझ्याआधी पळते, कारण चिठ्ठीतले सुटे तिचे असतात.

यातली खोच अशी की ज्याला २५ सेंटची पर्वा नाही त्याने बाटली टाकली, तरी ती टाकण्यामुळे दुसऱ्याचे काम होते. इथे कचरापेटीच्या बाहेर, खाली जमिनीवर, बाटल्या नीट उभ्या करून ठेवलेल्या दिसतात. त्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्या वृद्धांना पेटीत हात घालावा लागू नये म्हणून लोक तसे करतात. त्या दृश्याने मला बरे वाटते की वाईट, हे अकरा वर्षांत ठरवता आलेले नाही.

आणि हे आपल्याला परके आहे असे कोणी म्हणू नये. लहानपणी दादरला आरेच्या दूधकेंद्रावर रिकामी काचेची बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, आणि सकाळी बाटली फुटली तर आईचा जो आवाज लागे तो कोणत्याही दंडापेक्षा परिणामकारक होता. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे पन्नास पैसे परत देण्याची तरतूद होती. आमच्या घराजवळच्या दूधवाल्याच्या दुकानापर्यंत ती पोचलेली मला तरी सुट्टीवर आल्यावर दिसली नाही.

अंगणवेल

इतके प्रतिसाद झाले, पण एक प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून विचारते. तळमजला, ते शंभर रुपये भरत कोण होते आणि डबे वेगळे करत कोण होते? तुमच्याच लिहिण्यावरून दिसते की बिल गृहस्थ भरतात. कचरा मात्र त्यांच्या पत्नी किंवा कामाला येणाऱ्या मावशी वेगळा करणार. ज्याचा खिसा हलका होतो त्याचे हात हलत नाहीत आणि जिचे हात हलायचे तिला दंडाचा पत्ताच नसतो. मावशींना चार घरांची कामे उरकायची असतात, त्यांना तुमच्या ठरावाची प्रत कोणी वाचून दाखवली होती का?

दुसरे असे की तुमच्या व्यवस्थेत वही लिहिणाऱ्या त्या कचरा उचलणाऱ्या ताई होत्या. म्हणजे ज्यांच्या दारात रोज उभे राहायचे, दिवाळीला ज्यांच्याकडून फराळ घ्यायचा, त्यांचीच नावे त्यांनी लिहून द्यायची. मी पुण्यातल्या कचरावेचक बायकांबरोबर काही वर्षे काम केले आहे. त्यांचा हात एकत्र कचऱ्यात जातो तेव्हा त्यांना काच लागते, वापरलेली सुई लागते, नुसत्याच टाकलेल्या सॅनिटरी पॅडना हात लावावा लागतो. नुकसान त्यांचे होते आणि दंडाचे शंभर रुपये सोसायटीच्या खात्यात जमा होतात, हे मला आजवर कोणत्याही ठरावात कोणाला खटकलेले दिसले नाही. शंभरांपैकी एक रुपया तरी त्यांना मिळत होता का?

तळमजला

नव्हता. हे वाचून मी ठरावाची फाईल काढून पाहिली. दंडाचे सगळे पैसे लिफ्टच्या दुरुस्तीत गेले होते.

रोखठोक

अंगणवेल यांचा मुद्दा मान्य. माझे पाच हजार मी मागे घेत नाही, पण ते कोणाच्या हातात पडावेत हे बदलतो.

दुसरी बाजू

कायद्याचे एक सांगून ठेवतो. सोसायटीला दंड लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, संबंधित सभासदाला आधी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे, आणि ते सगळे इतिवृत्तात यायला हवे. बहुतेक सोसायट्या यांतले काहीही न करता बिलात परस्पर रक्कम लावतात आणि मग उपनिबंधकांकडे तक्रार गेली की धावपळ होते. तळमजला यांनी पुन्हा दंडाकडे वळण्यापूर्वी हे पाहावे.

तळमजला

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

पुढच्या सभेत आम्ही दंड आणि स्टीलचा डबा दोन्ही रद्द केले. त्याऐवजी एवढेच ठरले की एकत्र कचऱ्याची बादली उचलायची नाही, ती दारातच राहील. वही बंद. ताईंवर कोणी डाफरू नये म्हणून पहिले पंधरा दिवस सकाळी सात वाजता कार्यकारिणीतला एकेक जण त्यांच्याबरोबर मजल्यामजल्याने फिरला. मावशींसाठी मी प्रत्येक विंगच्या पार्किंगमध्ये दुपारी अकराला उभे राहून दोन डबे प्रत्यक्ष दाखवले. अकरा ही त्यांची एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वेळ आहे, हे तीन वर्षांत मला माहीत नव्हते.

पहिल्या आठवड्यात जिन्यातून चालणे अवघड झाले होते. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बादली तीन दिवस हलवली नाही. मी पैसे वाढवायला तयार आहे, असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला. तिसरा दिवस मंगळवार होता आणि बादलीत रविवारच्या कोळंबीची टरफले होती. त्या दिवशी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या, डबा नाकारणाऱ्या त्याच आजींनी त्यांचे दार वाजवले. आत काय बोलणे झाले ते कळले नाही, पण रात्री नऊ वाजता गृहस्थ स्वतः हातमोजे घालून दारात बसलेले मी पाहिले. गेल्या रविवारी मी मोजले तेव्हा ८४ पैकी नऊ दारांत बादल्या राहिल्या होत्या. तो आकडा पुढच्या महिन्यात काय होईल ते सांगता येत नाही, एकोणीसवर खूश होऊन मी एकदा फसलो आहे.

आता नवीनच पेच आला आहे. त्याच गृहस्थांनी लेखी विनंती केली आहे की त्यांचा कचरा ताईंनीच वेगळा करावा आणि त्याचे महिना पाचशे रुपये ते थेट त्यांना देतील. कार्यकारिणीत दोन तट पडले. काही म्हणाले की हा पुन्हा हैफाचाच प्रकार झाला, पैसे टाकून मोकळे होण्याचा. काहींचे म्हणणे असे की पैसे या वेळी योग्य हातात जात आहेत, मग आपण अडवणारे कोण?

अंगणवेल

तुमच्या तटांचे राहू द्या. ताईंना विचारले का?

तळमजला

आज सकाळी विचारले. त्या म्हणाल्या, "पाचशे नकोत दादा, त्यांना म्हणावं कोळंबी तेवढी वेगळ्या पिशवीत गाठ मारून ठेवा."